म्यानमारचा उठाव वर्गात: सुरक्षा परिषद की मंत्रिमंडळ समिती?

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या कॉलेजांत म्यानमारमधल्या १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावावर अभिरूप बैठक घ्यायची, तर दोन आराखडे हाताशी आहेत.

पहिला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा. तिथे १५ देश. प्रत्येकी दोघे धरले तर ३० मुलांचा वर्ग नेमका बसतो. ठरावाला ९ मतं लागतात आणि पाच स्थायी सदस्यांपैकी कुणाचाही नकार चालत नाही. बिघडतं ते इथेच. चीन झालेला विद्यार्थी पहिल्याच मसुद्यावर नकाराधिकार वापरतो आणि तासाभरात सगळं आटोपतं. प्रत्यक्षात २१ डिसेंबर २०२२ रोजी म्यानमारवरचा ठराव क्र. २६६९ मंजूर झाला: बाजूने १२, विरोधात एकही नाही, चीन, रशिया आणि भारत तटस्थ. म्हणून मतदानाआधी किमान ४५ मिनिटं वाटाघाटींना राखून ठेवा, आणि कुठला शब्द वगळला तर तटस्थ राहाल, हे प्रत्येक विरोधकाकडून लेखी घ्या. मसुदा इंग्रजीत असला तरी बोलणी मराठी-कन्नडमध्ये होऊ द्या. खरी घासाघीस तिथेच रंगते.

दुसरा आराखडा दिल्लीतल्या सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीचा: पंतप्रधान, संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र. विषय म्यानमारमधून मिझोराममध्ये येणारे निर्वासित. दर १५ मिनिटांनी नव्या बातमीची चिठ्ठी. उत्साहाच्या भरात मुलं थेट सैन्य धाडतात. तेव्हा कोण, कुठे, कधी, किती खर्च हे लिहिल्याशिवाय आदेश स्वीकारू नका. चिठ्ठ्यांना तिघे तरी हवेत, एकट्या प्राध्यापकाकडून ते निभत नाही.

पहिल्यांदा घेणाऱ्यांनी परिषदच घ्यावी. समिती दहा-बारा सरावलेल्या मुलांसाठी ठेवा.