हापसा, सोलर की वाळूतलं पाणी? केनियातल्या गावासाठी निवड करताना

केनियातल्या एखाद्या गावाला पाणी द्यायचं म्हटलं, की मदत करणारी मंडळी आधी विचारतात, बोअर किती फुटांवर लागेल? मी आधी विचारेन, बंद पडल्यावर दुरुस्तीला कोण येणार आणि किती दिवसांत? २००९ मध्ये २० आफ्रिकी देशांचा अंदाज घेतला गेला, तेव्हा तिथले तीनातला एक तरी हातपंप बंद होता. बंद हापशाचा अर्थ बाईमाणसांना २० लिटरचा कॅन घेऊन पुन्हा नदीची वाट.

हातपंपांत निवड मुख्यतः दोघांत. इंडिया मार्क २ हा आपल्या ओळखीचा हापसा. जालना आणि सोलापूरच्या मिशनवाल्यांनी घडवलेल्या पोलादी पंपांवरून सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने तो तयार झाला आणि पुढे आफ्रिकाभर पोचला. दणकट आहे, ४५-५० मीटरपर्यंत चालतो. पण खालचं वायसर बदलायचं तर लोखंडी पाईपांची अख्खी ओळ वर ओढावी लागते. त्याला अवजारं हवीत आणि चार-पाच तयार माणसंही. शिवाय पाणी आम्लधर्मी असेल तर हे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाईप गंजतात, पाणी तांबूस येतं आणि बायका ते भरत नाहीत. युगांडा सरकारने तर हातपंपांना असे पाईप लावणंच थांबवलं.

दुसरा पंप अॅफ्रिडेव्ह. तो ऐंशीच्या दशकात मलावी आणि केनियात घडला, गावानेच दुरुस्त करावा म्हणून. एका पान्याने वरचं झाकण उघडायचं, आकड्यांत अडकवलेल्या सळ्या एकेक सोडवत वर घ्यायच्या. पाईप रुंद असल्याने दट्ट्याही त्यातूनच बाहेर येतो. सील बदललं की काम झालं. पाईप पीव्हीसीचे, म्हणून गंज नाही. मात्र ते चिकटवलेले असतात, सांधा तुटला तर गावाच्या हाताबाहेरचं काम होतं. पाणी ४५ मीटरच्या आत आणि वस्ती अडीच-तीनशेची असेल, तर मी डोळे झाकून हाच घेईन.

तरीही सुटे भाग आणि मिस्त्री जवळपास हवेतच. कितुई जिल्ह्यात ऑक्सफर्डच्या संशोधकांनी हातपंपांच्या दांड्यात, पंप चालतोय की बंद पडलाय याचे संदेश मोबाईलवरून धाडणारी यंत्रं बसवली आणि पगारी दुरुस्ती पथक नेमलं. दुरुस्तीला सरासरी २७ दिवस लागायचे, ते तीनाच्या आत आले. पंप तेच होते. म्हणूनच देणगीतला काही भाग अशा सेवेसाठी बाजूला ठेवा, असा माझा आग्रह.

सोलर पंपाची ओढ वाटणं साहजिक आहे. टाकी भरते, नळ शाळेपाशी, बाजारापाशी नेता येतात, हापसावं लागत नाही. मोठ्या, दाट वस्तीला हाच योग्य. पण सेकंदाला पाव लिटर आवक हातपंपाला चालते, सोलरला नाही. जुन्या बोअरवर तो बसवण्याआधी उपसा चाचणी, म्हणजे सलग उपसून बोअर किती पाणी देते याची तपासणी, करून घ्याच. कंट्रोलर जळला तर शहरातून तंत्रज्ञ येईपर्यंत अख्खं गाव कोरडं. कॅनमागे पैसे घेऊन खर्च भागवायचा म्हणाल, तर पावसाळ्यात लोक फुकटच्या पाण्याकडे वळतात आणि वसुली घटते.

कितुई, मकुएनी, मचाकोस या जिल्ह्यांत तिसरी वाटही आहे. कोरड्या नदीपात्रात वाळू उकरून झिरे काढायची तिथे जुनी रीत आहे. पात्रात खडकावर आडवी भिंत घातली की पुरासोबत आलेली वाळू तिच्यामागे साठते आणि त्या वाळूत तिच्या आकारमानाच्या २५ ते ४० टक्के पाणी राहतं, उन्हाने फारसं उडत नाही. गावाने श्रमदान केलं तर खर्चही आवाक्यात. मात्र खडक उथळ आणि वाळू जाड हवी. गाळच येत असेल तर नाद सोडा. उघड्या झिऱ्यात गुरंही तोंड घालतात, म्हणून काठाला उथळ विहीर बांधून तिच्यावर हातपंप बसवा. त्या भागात बऱ्याच बोअरचं पाणी खारट लागतं. तेव्हा सोलरचा निर्णय घेण्याआधी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या, आणि त्या बोअरचं पाणी गावातल्या बायका आज पितात का, तेही त्यांनाच विचारा.