फिक्सी की गिअरवाली? दांडिया बाजार ते अकोटा

बडोद्यात चढ म्हणजे उड्डाणपूल. म्हणून भाच्याने फिक्सी, म्हणजे फिक्स्ड गिअरची सायकल घेतली (गिअर एकच, आणि चाक फिरते तोवर पेडलही फिरतच राहते) तेव्हा मी हसलो नाही. माझी गिअरवाली, तरी सपाट रस्त्यावर तो मागे पडत नाही.

हिशेब सोपा आहे. त्याच्याकडे चेनच्या पुढच्या चक्राला ४६ दात, मागच्याला १६. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ६ मीटर जाते, म्हणजे मिनिटाला ९० फेरे मारले की ताशी साडेबत्तीस किलोमीटर. आणखी वेग हवा तर पाय आणखी भराभर चालवायचे, दुसरा इलाज नाही. मी ५० आणि ११ वर चेन टाकली तर त्याच ९० फेऱ्यांत ताशी ५१ होतात. कागदावर! तेवढा दम माझ्या मांड्यांत कुठला?

खरी गंमत विश्वामित्री नदीवरच्या अकोटा-दांडिया बाजार पुलावर, सौर पॅनलांच्या छताखाली. चढाला मी मागे २८ दातांवर येतो नि निवांत पाय मारतो. त्याला ती सोय नाही, म्हणून तो पेडलवर उभा राहतो आणि बऱ्याचदा पुढेच निघतो. उतारावर मात्र मी पाय स्वस्थ ठेवतो. त्याचे पाय शिलाई मशीनसारखे फिरतच राहतात, आणि तिथे मी त्याला गाठतो.

शर्यतीच्या ट्रॅकवर गोष्ट वेगळी. २०२२ साली इटलीचा सायकलपटू फिलिप्पो गान्ना याने फिक्स्ड गिअरवरच तासाभरात ५६.७९२ किलोमीटर कापले. तिथे ना चढ, ना जुन्या बडोद्यातल्या मांडवीची गर्दी.

पुढचा ब्रेक मात्र भाच्याला बसवायलाच लावला.