कामावर बोट गेलं, भरपाईची केस लढवणाऱ्या भोसरीच्या वकील मॅडमचा रिव्ह्यू

रेटिंग ५ पैकी साडेतीन. ऑफिसचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली तक्रार पण लिहिलीय, पण माहिती बऱ्याच जणांच्या कामाची आहे.

धाकट्या भावाचं अंगठ्याशेजारचं बोट पॉवर प्रेसमध्ये गेलं, दोन पेरं. वय ३०, पगार १८ हजार, वर्कशॉप अगदी छोटं. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं आणि ४० हजार देतो, स्टॅम्प पेपरवर सही कर म्हणाला. घरचे सगळे घे म्हणत होते, मोठा माणूस आहे, परत कामाला ठेवेल वगैरे.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कट होतो का. कारण ईएसआय असेल तर भरपाईची वेगळी केस करताच येत नाही, तिथूनच बरं होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के मिळतात आणि कायमचं अपंगत्व असेल तर मेडिकल बोर्ड बसून दरमहा पैसे आयुष्यभर चालू राहतात, आणि कामावरच्या अपघाताला नोकरी किती दिवसांची हे बघत नाहीत. तसं असेल तर माझ्याकडे फी घालवू नका असं त्या सरळ म्हणाल्या, हे मला फार आवडलं. आमच्याकडे दहापेक्षा कमी माणसं म्हणून ईएसआय नव्हतं, मग १९२३ चा भरपाई कायदा. (आमचा अपघात आधीचा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय, त्यात कामावर येता-जातानाचा अपघात पण धरलाय, त्यामुळे नवीन केसवाल्यांनी ते नीट विचारून घ्या.)

मग त्यांनी समोरच कॅल्क्युलेटर घेऊन हिशोब केला. पगार १५ हजाराच्या वर कितीही असला तरी धरायचा १५ हजारच, त्याचे ६० टक्के म्हणजे ९ हजार, ३० वयाचा फॅक्टर (वयानुसार कायद्यात ठरलेला गुणक) २०७.९८, आणि त्या बोटाची दोन पेरं गेली तर कायद्याच्या तक्त्यात ११ टक्के ठरलेले आहेत. आकडा आला २ लाख ५ हजार ९००. आणि मालक ४० हजारात स्टॅम्प पेपर करत होता! वर दवाखान्याचा खर्च वेगळा, तो यातून कापता येत नाही. सही केली असती तरी कायद्याने मिळणारा हक्क असा लिहून सोडता येत नाही म्हणाल्या, पण मग ते सिद्ध करत बसावं लागलं असतं.

मालकाचं दुसरं म्हणणं होतं की मशीनचा गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावतात ती जाळी वगैरे) पोराने, म्हणजे भावाने, काढला. खरं काय ते त्या लाईनमधल्या सगळ्यांना माहितीय, गार्ड लावला की जॉब, म्हणजे तयार माल, कमी निघतात म्हणून तो कायम कोपऱ्यात पडलेला असतो आणि हे मालकाला दिसत नाही असं नसतं. मॅडमनी सांगितलं की नुसता निष्काळजीपणा म्हणून भरपाई जात नाही, कामगाराने स्वतः जाणूनबुजून गार्ड काढला हे मालकाने दाखवावं लागतं. भावाच्या मोबाईलमध्ये जुना फोटो सापडला, दुसऱ्याच पोराचा, मागे सगळ्या प्रेस बिनगार्डच्या. तो फार उपयोगी पडला.

फी ठरवून घेतली, टप्प्याटप्प्याने. हे लिहितोय कारण दवाखान्याबाहेर एक एजंट भेटला होता तो २५ टक्के मागत होता. मिळालेल्या रकमेत वाटा घेणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमात बसतच नाही, तर हा कोण लागून गेला.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत. म्हणजे नाहीच. व्हॉट्सअॅपवर निळी टिक येते आणि संपलं. लेबर कोर्टात तारखेला बऱ्याचदा ज्युनिअर येतो, पोरगा चांगला आहे पण त्याला फाईल वाचायला तिथेच बाकड्यावर सुरुवात करायची असते, एकदा तर भावाचं वय मलाच विचारलं. अर्ज तुम्ही राहता तिथल्या भरपाईच्या केस बघणाऱ्या आयुक्तांकडे पण करता येतो हे आम्हाला उशिरा सांगितलं, भाऊ तेव्हा गावी लातूरला होता, तिकडेच केला असता तर एसटीचं भाडं आणि खाडे वाचले असते.

जाणार असाल तर दवाखान्याचा केस पेपर आधी वाचा. मालक दवाखान्यात नेतो आणि गाडीवरून पडला असं सांगतो, हे खूप होतं. मशीनमध्ये हात सापडला हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. पगार रोख असेल तर हजेरी कार्ड, सुपरवायझरचे मेसेज, काय असेल ते न्या. अर्जाला दोन वर्षांची मुदत आहे पण तेवढं थांबू नका, साक्षीदार पोरं नोकरी सोडून जातात.

मूळ रक्कम मालकाने कोर्टात भरली आणि भावाच्या खात्यात आली. महिन्याच्या आत दिली नाही म्हणून वर्षाला १२ टक्के व्याज मागितलंय, त्यावर मालकाचा वकील भांडतोय. पुढच्या तारखेला मॅडम स्वतः येणार म्हणाल्यात, आल्या तर अर्धा स्टार वाढवतो.