प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं ऑनलाइन मास्टर्स: देशी एमबीए, परदेशी पदवी, की आधी पीएमपी?

नोकरी करता करता प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करावं, हा विचार बहुतेकांच्या डोक्यात पाच-आठ वर्षांच्या अनुभवानंतर येतो. साइट इंजिनिअरला प्लॅनिंगकडे किंवा प्रोजेक्ट मॅनेजरच्या जागेवर सरकायचं असतं, आयटीतल्या टीम लीडला डिलिव्हरीकडे. घराचा हप्ता चालू असतो, मुलं लहान असतात, नोकरी सोडणं शक्य नसतं, म्हणून ऑनलाइन. मग एखाद्या संकेतस्थळावर चौकशीचा फॉर्म भरला जातो, समुपदेशकांचे फोन सुरू होतात, सवलतीची शेवटची तारीख दर आठवड्याला पुढे सरकते, आणि या सगळ्यात मुख्य प्रश्न विचारायचाच राहून जातो: ही पदवी तुम्ही नेमकी कोणाला दाखवणार आहात? सरकारी खात्याला, आपल्याच कंपनीच्या एचआरला, की परदेशातल्या मालकाला? पुढची सगळी निवड या उत्तरावर ठरते, म्हणून तुलनाही मी त्याच अंगाने करतो.

समोर मुख्यतः तीन वाटा असतात. भारतीय विद्यापीठाचं ऑनलाइन एमबीए, ज्यात प्रोजेक्ट मॅनेजमेंट हे स्पेशलायझेशन असतं. परदेशी विद्यापीठाचं पूर्ण प्रोजेक्ट मॅनेजमेंटचंच ऑनलाइन मास्टर्स. आणि पदवीच्या वाटेला न जाता पीएमपीसारखं (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) व्यावसायिक प्रमाणपत्र.

देशी ऑनलाइन एमबीए

मान्यतेची भीती इथे सगळ्यात जास्त असते, आणि खरं तर इथेच ती सगळ्यात कमी असायला हवी. यूजीसीचे मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे नियम २०२० चे आहेत. त्या नियमांखाली परवानगी असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन पदवी वर्गात बसून मिळवलेल्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. त्यामुळे 'ऑनलाइन आहे म्हणून चालणार नाही' असं कोणी सांगितलं तर घाबरू नका. मात्र परवानगी विद्यापीठाला सरसकट नसते, ती अभ्यासक्रमागणिक आणि सत्रागणिक असते. एखाद्या नामांकित विद्यापीठाला ऑनलाइन बीकॉमची परवानगी आहे म्हणून त्याच्या ऑनलाइन एमबीएलाही ती असेलच असं नाही. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर यादी असते. तुमचं सत्र आणि तुमचा अभ्यासक्रम त्या यादीत स्वतः शोधा, समुपदेशकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका.

२०२४ पासून प्रवेशाआधी विद्यार्थ्याने स्वतःचा डीईबी आयडी काढणं बंधनकारक झालं आहे. त्यासाठी आधी अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे विद्यार्थ्याची क्रेडिट्स साठवणाऱ्या सरकारी ऑनलाइन खात्याचा, आयडी लागतो. ही चाळणी आपल्या फार उपयोगाची आहे. तुम्हाला कोणी पदवी विकतंय आणि डीईबी आयडी मागतच नाहीये, तर ते जे विकत आहेत ती भारतात मान्य असलेली ऑनलाइन पदवी नाही. बहुधा ते प्रमाणपत्र असतं. जीएसटीवरूनही हाच अंदाज येतो: कायद्याने मान्य पदवीच्या फीवर विद्यापीठ जीएसटी लावत नाही, खासगी कंपनीच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमावर मात्र अठरा टक्के लागतो. पावती नीट वाचा.

आता अभ्यासाचं. 'एमबीए इन प्रोजेक्ट मॅनेजमेंट' हे नाव ऐकून दोन वर्षं प्रोजेक्ट मॅनेजमेंटच शिकायला मिळेल असं वाटतं. तसं नसतं. चार सत्रांपैकी पहिली दोन सहसा सगळ्यांना सारखी असतात: हिशेब, अर्थशास्त्र, मार्केटिंग, मनुष्यबळ, संख्याशास्त्र. तुमचा विषय तिसऱ्या-चौथ्या सत्रात येतो, तोही मोजक्या पेपरांपुरता. हा दोष आहे की गुण, हे तुम्ही कुठून येता त्यावर अवलंबून. ज्याने आयुष्यभर काँक्रीट किंवा कोड पाहिला, ताळेबंद कधी उघडला नाही, त्याला पहिल्या दोन सत्रांचा फायदा स्पेशलायझेशनपेक्षा जास्त होतो असं माझं स्पष्ट मत आहे. कंत्राटदाराची रोकड का अडकली आहे हे कळल्याशिवाय काम का थांबलंय ते कळत नाही. पण बीबीए-बीकॉम करून या क्षेत्रात आलेल्यांना ती सत्रं उजळणीसारखी वाटतील.

परदेशी ऑनलाइन मास्टर्स

इथे विषयाची खोली जास्त आहे, हे मान्यच करायला हवं. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या वर्ल्ड कॅम्पसचं मास्टर ऑफ प्रोजेक्ट मॅनेजमेंट तीस क्रेडिट्सचं आहे, आणि सगळा भर याच विषयावर: नियोजन, खर्चनियंत्रण, जोखीम, खरेदी आणि करार, माणसं सांभाळणं. बॉस्टन विद्यापीठाचंही असंच ऑनलाइन मास्टर्स आहे. पीएमपी देणारी संस्था म्हणजे पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट); तिच्या जीएसी या, अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या शाखेची दोन्हींना मान्यता आहे. या मान्यतेचा एक प्रत्यक्ष लाभ होतो: पीएमपी परीक्षेला बसायला पदवीधराला प्रकल्प चालवण्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो, जीएसी मान्य पदवी असेल तर २४ महिने पुरतात.

पण हे सगळं पुण्यात किंवा नाशकात बसून करायचं तर हिशेब बदलतो. फी डॉलरमध्ये. चर्चा आणि गटातलं काम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने, म्हणजे उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे. तिकडे संध्याकाळी आठला गट जमला, की इकडे पहाटेचे साडेपाच-साडेसहा. आणि ज्या कारणासाठी कित्येक जण परदेशी पदवी घेतात, ते कारणच ऑनलाइनमध्ये गळून पडतं. पूर्णपणे ऑनलाइन अभ्यासक्रमावर अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, त्यामुळे शिक्षणानंतर तिथे काम करण्याची ओपीटीची सोयही नाही. ब्रिटनचा ग्रॅज्युएट रूट, म्हणजे शिक्षणानंतर काम करू देणारा व्हिसा, तिथे विद्यार्थी व्हिसावर राहून शिकलेल्यांसाठी आहे, घरबसल्या शिकलेल्यांसाठी नाही. 'ऑनलाइन करा आणि पुढे तिकडेच जा' असं कोणी सुचवत असेल तर ते लेखी मागा. मिळणार नाही.

भारतातल्या मान्यतेचंही तसंच. एडटेक कंपन्यांनी परदेशी विद्यापीठांशी हातमिळवणी करून दिलेल्या ऑनलाइन पदव्यांबद्दल यूजीसीने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर इशारा दिला, अशा फ्रँचायझी व्यवस्थेला मान्यता नाही. सरकारी नोकरी, महामंडळातली बढती किंवा पुढे पीएचडी यांसाठी परदेशी ऑनलाइन पदवी चालेल असं गृहीत धरू नका. खासगी बहुराष्ट्रीय कंपनीत ती चालू शकते, तिथे विद्यापीठाचं नाव बघतात.

मग ही वाट कोणाची? जे आधीच तिकडे आहेत त्यांची. न्यू जर्सीत किंवा डॅलसमध्ये कामाच्या व्हिसावर असलेला मराठी इंजिनिअर नोकरी सांभाळून हे मास्टर्स करू शकतो. मालकाने शिक्षणासाठी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत दिलेली मदत तिथे करपात्र उत्पन्नात धरली जात नाही, आणि बऱ्याच मोठ्या कंपन्या ही मदत देतात. एच-४ वर, म्हणजे नोकरदाराच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, असलेल्या जोडीदारालाही शिकता येतं. त्या घरांत हा पर्याय मी पहिल्या क्रमांकावर ठेवेन.

पदवीऐवजी पीएमपी

पीएमआय ही १९६९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली संस्था, पीएमपी हे तिचं सर्वांत चालणारं प्रमाणपत्र. अनुभवाखेरीज ३५ तासांचं औपचारिक प्रशिक्षण लागतं, परीक्षा एकच, आणि उत्तीर्ण झाल्यावर दर तीन वर्षांनी ६० पीडीयू (पुढचं शिक्षण घेत राहिल्याचे गुण) जमवून ते जिवंत ठेवावं लागतं. अनुभव कमी असेल तर त्याच संस्थेचं सीएपीएम आहे, त्याला अनुभवाची अट नाही. एखाद्या पदवीच्या तुलनेत खर्च आणि वेळ दोन्ही बरेच कमी. आखाती देशांतल्या बांधकाम आणि तेल-वायू प्रकल्पांच्या जाहिरातींत पीएमपी वारंवार मागितलेलं दिसतं, आपल्याकडच्या आयटी कंपन्यांतही.

मर्यादा एवढीच की ही पदवी नाही. कंपनीच्या धोरणात 'पदव्युत्तर पदवी आवश्यक' असं लिहिलं असेल तर तिथे पीएमपी चालत नाही. सरकारी जाहिरातीत शैक्षणिक अर्हता म्हणूनही ते उभं राहत नाही. आणि पहिल्यांदाच या कामाकडे वळणाऱ्याला पीएमपीच्या तयारीतून पाया मिळत नाही, परीक्षेचा सराव मिळतो.

शिकणं नेमकं कुठे होतं

मला सगळ्यात जास्त काळजी याच भागाची वाटते, आणि माहितीपत्रकात नेमका हाच नसतो. अर्न्ड व्हॅल्यूचं, म्हणजे झालेल्या कामाची किंमत नियोजनाशी आणि खर्चाशी ताडून पाहण्याच्या पद्धतीचं, उदाहरण घ्या, तिन्ही वाटांवर शिकवतात. एक कोटीचं, दहा महिन्यांचं काम आहे. पाचव्या महिन्याअखेर नियोजनाप्रमाणे पन्नास लाखांचं काम व्हायला हवं होतं. झालंय चाळीस लाखांचं, आणि खर्च पडलाय अठ्ठेचाळीस लाख. चाळीस भागिले अठ्ठेचाळीस, म्हणजे खर्चाचा निर्देशांक ०.८३. हीच गती राहिली तर एक कोटीचं काम एक कोटी वीस लाखांवर जाणार. चाळीस भागिले पन्नास म्हणजे ०.८, वेळापत्रकही मागे. परीक्षेत पाच मिनिटांत सुटतं.

परीक्षेत ते 'चाळीस लाख' छापून दिलेले असतात, म्हणून सुटतं. साइटवर सगळं भांडण त्या चाळीसवरच असतं. प्लास्टर झालंय पण क्युरिंग (पाणी मारून पक्कं करणं) बाकी आहे, ते काम पूर्ण धरायचं का? सळई येऊन पडली आहे पण बांधलेली नाही, ती मोजायची का? एक्स्ट्रा आयटमला, म्हणजे करारात नसलेल्या जादा कामाला, मंजुरी नाही, पण तो करून झालाय. आरए बिलात (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिलेल्या बिलात) एक आकडा, मेजरमेंट बुकात (कामाच्या मोजमापांच्या नोंदवहीत) दुसरा, आणि दर सोमवारच्या बैठकीतल्या तक्त्यात तिसराच. आयटीत हेच 'नव्वद टक्के झालंय' या वाक्यात दडलेलं असतं, आणि ते नव्वद टक्के दोन-दोन महिने नव्वदच राहतात. हा चाळीसचा आकडा प्रामाणिकपणे कसा काढायचा, आणि तो वरिष्ठांना न आवडणारा असला तरी कसा मांडायचा, ते रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून येत नाही. तुमच्या स्वतःच्या प्रकल्पाची कागदपत्रं बघून, क्षेत्रात काम केलेल्या कोणीतरी 'हा आकडा कुठून आणलास?' असं विचारलं तर येतं.

म्हणून कुठलाही अभ्यासक्रम निवडताना शेवटच्या सत्रातल्या प्रकल्प अहवालाबद्दल खोदून विचारा. मार्गदर्शक कोण असतो? त्याने स्वतः प्रकल्प चालवले आहेत का? एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी? स्वतःच्या कंपनीतलं काम विषय म्हणून घेता येतं का? मुलाखतीला समोर बसलेल्या माणसाला मी त्याच्या अहवालाबद्दलच विचारतो, कारण तो त्याने खरंच केला असेल तर पुढचा अर्धा तास बोलणं आपोआप चालतं. इथे चांगली उत्तरं देणारं कमी नावाजलेलं विद्यापीठ मला मोठ्या नावापेक्षा बरं वाटतं. सोबत प्रिमावेरा किंवा एमएस प्रोजेक्ट या नियोजनाच्या सॉफ्टवेअरवर प्रत्यक्ष काम करून घेतात का, तेही विचारा. नसतील करून घेत तर ते वेगळं शिकावं लागेल, आणि प्लॅनिंगच्या नोकरीत पहिल्याच दिवशी लागेल.

तर कोणी काय करावं

खासगी कंपनीत पाच-आठ वर्षं झाली आहेत, प्रत्यक्ष प्रकल्प हाताळले आहेत आणि अडचण फक्त पुढच्या पदाची आहे, तर आधी पीएमपी करा. वर्षभरात त्याने काय फरक पडतो ते बघून मग पदवीचा विचार करा. बढतीसाठी पदव्युत्तर पदवी लिखित स्वरूपात आवश्यक असेल, किंवा सरकारी, निमसरकारी जागा डोळ्यांसमोर असेल, तर यूजीसीच्या यादीतलं देशी ऑनलाइन एमबीए घ्या आणि त्यात मन घाला. बांधकाम क्षेत्रात नुकतेच उतरलेल्या, पंचविशीच्या आतल्या मुलामुलींना मात्र मी ऑनलाइन सुचवणार नाही. पुण्यात बालेवाडीला निकमार आहे, १९८३ पासून बांधकाम व्यवस्थापनाचंच काम करणारी संस्था, आता विद्यापीठ झाली आहे. त्या वयात दोन वर्षं पूर्णवेळ देता येत असतील तर सोबतचे विद्यार्थी आणि कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या यांची भरपाई कुठल्याही स्क्रीनवर होत नाही.

पैशाबद्दल एकच सांगतो. 'शून्य व्याजाचा हप्ता' म्हणून जे पुढे केलं जातं, ते अनेकदा एखाद्या वित्तकंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. अभ्यासक्रम सोडला तरी हप्ता सुटत नाही. खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याच्या परवानगीबाबत शिक्षण मंत्रालयानेही डिसेंबर २०२१ मध्ये सावध केलं होतं. शक्य असेल तर सत्रागणिक फी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरा.

आणि प्रवेश घेणारच असाल तर जुलैचं सत्र धरा, विशेषतः सरकारी कंत्राटांवर काम करत असाल तर. जानेवारीत सुरू केलंत की पोर्टल कुठून उघडायचं, असाइनमेंट कशा द्यायच्या, हे समजतंय तोवर मार्च येतो, आणि मार्चमध्ये बिलं मंजूर करून घेण्यापलीकडे आपल्याला काही सुचत नाही. जुलैत सुरू केलं तर पहिलं सत्र परीक्षेसकट साधारण मार्चच्या आधी पार पडतं, आणि दुसऱ्या सत्राच्या असाइनमेंट फेब्रुवारीतच उरकून ठेवता येतात.