चेस्ट फ्रीझर, उभा फोर-डोअर की वॉक-इन? नागपुरातल्या किचनसाठी काय घ्यावं

भोजनालयासाठी फ्रीज पाहायला निघालेला माणूस दुकानात पहिल्यांदा लिटर विचारतो. नागपुरात आधी यंत्राच्या पाटीवरचा क्लायमेट क्लास वाचावा. ‘एन’ म्हणजे ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, ‘एसटी’ ३८ साठी, ‘टी’ ४३ साठी. व्यावसायिक यंत्रावर ‘क्लास ५’ लिहिलं असेल तर त्याची चाचणी ४० अंश आणि ४० टक्के आर्द्रतेत झालेली असते. मे महिन्यात बाहेरच पारा ४५ ला टेकतो, मग भट्टीजवळचं विचारूच नका. म्हणजे चांगल्यातलं चांगलं यंत्रही दोन महिने आपल्या हद्दीबाहेर राबणार. ते उष्णता कुठे टाकतं, यावर सगळं ठरतं.

कंडेन्सर, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणारी नळी, भोवतालच्या हवेपेक्षा साधारण १० ते १५ अंश गरम राहिला तरच उष्णता बाहेर जाते. किचन ४५ वर असेल तर तो ५५ ते ६० वर चालतो, आणि चढलेल्या दर अंशामागे कंप्रेसर अंदाजे दोन-तीन टक्के जास्त वीज खातो.

चेस्ट फ्रीझर स्वस्त पडतो. झाकण वर उघडतं, थंड हवा जड असल्यामुळे आतच बसून राहते, त्यामुळे लाइट गेली तरी माल बराच वेळ टिकतो. मटार, आइस्क्रीम, फ्रोझन पराठे अशा दिवसातून चार-सहा वेळा लागणाऱ्या मालाला याच्यासारखं काही नाही. पण बऱ्याच चेस्ट फ्रीझरमध्ये कंडेन्सरची नळी बाहेरच्या पत्र्याला आतून चिकटवलेली असते. हात लावला तर पत्रा गरम लागतो, तो लागायलाच हवा. त्याला टेकवून कांद्याची पोती रचली की उष्णता कोंडते आणि कंप्रेसर बंदच होत नाही. चारही बाजूंनी निदान १० सेंटिमीटर जागा सोडा. ही नळी पफमध्ये, म्हणजे भिंतीत भरलेल्या उष्णतारोधक फोममध्ये गाडलेली असते, त्यामुळे तिथे गळती झाली तर दुरुस्ती जवळजवळ अशक्य. घेतानाच नळी तांब्याची आहे की अॅल्युमिनियमची, हे विचारून घ्या.

चेस्टमध्ये तयार रस्सा, दही, मॅरिनेट केलेलं मटण ठेवायला जाऊ नका. तळाचं भांडं काढायला वरची पाच काढावी लागतात, आणि तळाशी काय आहे हे चार दिवसांनी कुणालाच आठवत नाही.

रोजच्या कामाला उभा फोर-डोअर हवा. सकाळी ताजं मटण आणून त्याच दिवशी संपवणाऱ्या सावजी भोजनालयाला मोठा फ्रीझर लागतच नाही, त्याला चांगला चिलर, म्हणजे न गोठवता थंड ठेवणारा फ्रीज लागतो. चिलरमध्ये ५ अंशांच्या खाली आणि फ्रीझरमध्ये उणे १८, हे आकडे धरून चाला. स्टॅटिक, म्हणजे आत पंखा नसलेलं मॉडेल स्वस्त असतं, पण वरच्या आणि खालच्या कप्प्यात चांगलाच फरक पडतो. दार मिनिटामिनिटाला उघडणाऱ्या किचनमध्ये आत पंखा असलेलंच मॉडेल घ्या. त्यात उघडं ठेवलेलं पनीर, खवा, कणीक सुकते, तेवढं झाकण ठेवायची सवय लावावी लागते.

फोर-डोअरची मशीन, म्हणजे कंप्रेसर आणि कंडेन्सर, वर असावी की खाली? खाली असेल तर हवा थोडी थंड मिळते, पण मैदा, तेलाची वाफ आणि फरशी धुतानाचं पाणी सगळं तिथेच जातं. वर असेल तर जाळी स्वच्छ राहते, मात्र छताखाली तुंबलेली गरम हवाच तिच्या वाट्याला येते. टिनाच्या छताचा गाळा असेल तर खालची मशीन घ्या आणि जाळी नेमाने साफ करा. स्लॅब असेल, एक्झॉस्ट चांगला चालत असेल आणि मशीनवर फूटभर जागा सुटत असेल तर वरचीच बरी. ओट्याखाली बसणारा अंडरकाउंटर फ्रीज फक्त शेफच्या हाताशी लागणाऱ्या मालासाठी. मुख्य साठा त्यात बसत नाही.

वॉक-इन म्हणजे आत चालत जाता येईल अशी थंड खोली. तिचा मोठा फायदा म्हणजे कंडेन्सिंग युनिट (कंप्रेसर आणि कंडेन्सर) गच्चीवर नेता येतं आणि किचनमधली तेवढी धग कमी होते. दोन-तीन फोर-डोअर लागणार असतील तर हा हिशोब नक्की करून पाहा. चिलरला ६० ते ८० मिलिमीटरचं पफ पॅनल, फ्रीझरला १०० मिलिमीटरचं. युनिटवर सावली हवी, पण शेड अशी बांधा की गरम हवा अडून परत युनिटमध्येच शिरणार नाही.

यंत्रात फिरून थंडावा देणाऱ्या गॅसचंही पाहा. आर-४०४ए चं क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर गॅसचा द्रव होतच नाही ते, ७२ अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे ६० वर चालताना त्याची ताकद उतरते. आर-२९० चं ९६ च्या पुढे, म्हणून आपल्या उन्हाळ्यात तो बरा टिकतो. पण तो प्रोपेन आहे, पेट घेतो. नळ्यांत गॅस असताना जोडकामाचा जळता टॉर्च लावणारा मेकॅनिक त्याच्या जवळपासही नको, आणि दुसऱ्या गॅसच्या यंत्रात तो भरायचा नाही.

देखभालीत सर्वांत मोठं काम कंडेन्सरची जाळी. फ्रायरजवळच्या खालच्या मशीनमध्ये पंधरा दिवसांत पीठ आणि तेलाचा नमद्यासारखा थर बसतो. मेन बंद करा, पुढची जाळी काढा, नायलॉनच्या ब्रशने फिन्सच्या (कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांच्या) दिशेने वरून खाली झाडा, मग आतून बाहेर ब्लोअर मारा. आडवा ब्रश मारला की फिन्स वाकतात आणि हवा अडते. थर चिकट असेल तर कॉइल क्लीनर वापरा, प्रेशर जेट नको. इतर ठिकाणी महिन्यातून एकदा पुरे, मार्च ते जून मात्र दर आठवड्याला डोकावून पाहा.

दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून ओढा. चारही बाजूंनी थोडा जोर लागला पाहिजे. सहज निघाली तर रबर कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, फाटलं असेल तर बदला. आपल्याकडे आणखी एक गोष्ट हमखास घडते: डेझर्ट कूलरचा झोत थेट फ्रीजच्या दारावर. दार उघडलं की ती ओली हवा आत जाते, आतल्या थंड कॉइलवर बर्फ साचतो, पंखा अडतो आणि वरचे कप्पे थंड व्हायचे थांबतात. कूलरचं तोंड फिरवलं तर निम्मी तक्रार तिथेच मिटते. बर्फ सुरीने खरवडू नका, कॉइलला भोक पडतं.

लाइट आल्याबरोबर कंप्रेसर सुरू होऊ देऊ नका. आतला दाब समान व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात, नाहीतर तो गुरगुरतो आणि ओव्हरलोडवर बंद पडतो. स्टॅबिलायझर टाइम डिलेचाच घ्या.

थंड होत नाही म्हटलं की लगेच ‘गॅस भरून टाका’ होतं. आधी जाळी, मग पंखा, रबर, बर्फ, व्होल्टेज, या क्रमाने पाहा. गॅस वापरून संपत नसतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. नायट्रोजनच्या दाबावर साबणाच्या फेसाने गळती शोधायची, ती बंद करायची, ओलावा शोषणारा फिल्टर ड्रायर नवा लावायचा, पंपाने नळ्यांतली हवा ओढून ५०० मायक्रॉनपर्यंत (दाबाचं माप) व्हॅक्यूम काढायचा आणि पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच गॅस वजन करून भरायचा. कॅपिलरीच्या (गॅस बारीक नळीतून सोडणाऱ्या) यंत्रात गॅस थोडा जास्त झाला तरी परतीच्या नळीवर पार कंप्रेसरपर्यंत बर्फ चढतो. मेकॅनिक वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप न घेता नुसता सिलिंडर उचलून आला असेल, तर त्या दिवशी गॅस भरून घेऊ नका.