रिलीफवेब: मदतकार्यात असाल तर हे वापराच

आपत्तीत कोण कुठे काय मदत करतंय याचा मेळ घालणारं संयुक्त राष्ट्रांचं ओचा नावाचं ऑफिस आहे, त्यांचीच ही वेबसाइट, मदतकार्याची माहिती एका जागी देणारी, पूर्ण फुकट. १९९४ च्या रवांडाच्या संकटात ढिगाने संस्था धावल्या पण माहिती एका जागी नव्हती, त्या अनुभवानंतर १९९६ ला हे सुरू झालं.

मला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो सिच्युएशन रिपोर्ट (म्हणजे त्या त्या दिवशी परिस्थिती काय आहे याचा अहवाल) आणि नकाशांचा. एप्रिल २०१५ चा नेपाळचा भूकंप उघडून बघा, सगळं अजून जपून ठेवलंय. काठमांडूच्या विमानतळाला एकच धावपट्टी त्यामुळे विमानांची कोंडी, गोरखा नि सिंधुपालचोकच्या डोंगरातल्या गावांना ताडपत्र्या पोचवायच्या आणि पावसाळा तोंडावर, हे सगळं तारखेनुसार वाचता येतं. निवारा, आरोग्य, पाणी-स्वच्छता असे क्लस्टर, म्हणजे एकेका विषयावर काम करणाऱ्या संस्थांचे गट, असतात (२००५ पासूनची पद्धत, पहिल्यांदा वापरली पाकिस्तानच्या भूकंपात), प्रत्येकाचा रिपोर्ट वेगळा. आणि कोण, काय, कुठे याचा नकाशा, ज्याला हे लोक थ्री डब्ल्यू म्हणतात, तो तर आधी बघा. कुठल्या जिल्ह्यात संस्थांची गर्दी आणि कुठे कुणीच नाही हे एका नजरेत कळतं.

२०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात आम्हाला नेमकं हेच हवं होतं. हमरस्त्यावरच्या गावात बिस्किटं नि जुन्या कपड्यांचे टेम्पोवर टेम्पो येत होते आणि आतल्या वाडीत प्यायचं पाणी नाही. माणसं मनापासून देत होती हो, फक्त कुठे द्यायचं ते सांगणारं कुणी नव्हतं. असा साधा तक्ता तालुक्याच्या पातळीवर रोज निघाला तरी कितीतरी फरक पडेल असं मला अगदी मनापासून वाटतं.

एक स्टार कापतेय तो भाषेसाठी. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, अरबी आहे पण ज्या गावात पाणी शिरलंय तिथल्या सरपंचाला वाचता येईल असं काही मिळत नाही, आणि ज्या छोट्या संस्थेला इंग्रजीत रिपोर्ट लिहिता येत नाही तिचं काम यात क्वचितच दिसतं, ते दिसायला हवं.

बाकी ५ पैकी ४. नवीन असाल तर आधी देश आणि मग आपत्ती असा फिल्टर लावा, नाहीतर मोठ्या संकटात शेकडो रिपोर्टांत हरवून जाल. नोकरी आणि ट्रेनिंगचा विभागही चांगला आहे, सोशल वर्क शिकणाऱ्या मुलांना जरूर सांगा.