उपासनेची गीतं पडद्यावर: पॉवरपॉइंट की ओपनएलपी?

तरुण संघाची मुलं लॅपटॉपवर बसायला तयार आहेत, चर्चच्या पंच कमिटीने प्रोजेक्टरला मान डोलावली आहे आणि आता गाडी ‘गीतं कशात टाकायची’ इथे अडली आहे. ओळखीच्या एका चर्चमधून ‘पॉवरपॉइंट घ्यावं की ओपनएलपी?’ अशी विचारणा झाली, म्हणून आमचा अनुभव लिहितो.

पॉवरपॉइंट कुणाला शिकवावं लागत नाही. सूचना, संडे स्कूलचे फोटो, वचनाची एखादी ओळ यासाठी आजही आम्ही तेच वापरतो.

घोडं अडलं ते ध्रुवपदापाशी. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं (१८६१–१९१९) एखादं पद रंगात आलं की आमचे पेटीवाले काका ध्रुवपद दोनदा घेतील की चारदा, हे त्यांनाही आधी ठाऊक नसतं. तबला चढतो, मधूनच मागच्या कडव्याची ओळ पुन्हा उचलली जाते. लॅपटॉपवरची मुलगी बिचारी मागे-पुढे बटणं दाबत राहते, पडद्यावर कडवी उलटसुलट पळतात आणि पुढच्या बाकांवर खसखस पिकते. स्लाइडचा नंबर टाइप करून एंटर दाबलं की थेट तिथे जाता येतं, मान्य. पण ऐन गाण्यात नंबर कोण आठवणार? प्रत्येक कडव्यामागे ध्रुवपदाची स्लाइड घालून पाहिली. फाइल लांबली, काका काही बदलले नाहीत. यात पॉवरपॉइंटला तरी काय बोल लावणार, ते भाषणांसाठी बनलेलं.

ओपनएलपी हे गीतं पडद्यावर दाखवायचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि चर्चसाठीच बनलेलं आहे. गीत एकदाच भरायचं, कडवी वेगळी, ध्रुवपद वेगळं. गाताना सगळे तुकडे समोर यादीत दिसतात. हवा त्यावर क्लिक केलं की तो पडद्यावर. पाळकांनी ऐनवेळी गीत बदललं तरी पहिल्या ओळीतले दोन शब्द टाकून ते शोधता येतं. शिवाय लॅपटॉप आणि फोन एकाच वायफायवर असले तर फोनच्या ब्राउझरमधूनही चालवता येतं. आम्ही तो फोन तबल्याशेजारी बसून गाणाऱ्या मुलाकडे दिला. काकांनी मान वर केली की पुढे काय येणार ते त्याला कळतं. लॅपटॉपमागे एकट्या पडणाऱ्या मुलांपेक्षा हे मला बरं वाटतं.

खटपट आहेच. दिसायला रुक्ष, आणि गीतं भरताना घाम निघतो. जुन्या डीटीपी फॉन्टमधल्या फाइली युनिकोडमध्ये आणल्याशिवाय नुसती अगम्य चिन्हं उमटतात. आमच्याकडे मुलांनी टाइप केलं आणि आज्यांनी ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक उघडून ऱ्हस्व-दीर्घ तपासले. एका आजींनी तर छापील प्रतीतलीच चूक काढली!

तुमच्याकडे ऑर्गनवर, ठरलेल्या क्रमाने, जेवढ्यास तेवढं गाणं होत असेल तर पॉवरपॉइंट बहुधा पुरेल. पेटी-तबला असेल तर मी तरी ओपनएलपीच घेईन. फक्त सुरुवात एखाद्या साध्या रविवारी करा, नाताळच्या गर्दीत नको.